तेवीस पायऱ्या राहिल्यात

२ मार्च, सोमवार

लेकीने ही वही दिली. म्हणाली, "आई, दोन महिन्यांनी निवृत्त होशील आणि दिवसभर आमचं डोकं खाशील. त्यापेक्षा आत्तापासून लिहायची सवय लाव." लेक शिक्षिका आहे, दिसेल त्याला गृहपाठ द्यायची तिला खोडच आहे. आमचे हे निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी वही हातात घेतली, पानं चाळली आणि म्हणाले, "पुरायची नाही."

तर लिहिते. मी मनोरुग्णालयाच्या धुलाईघराची मुकादम. एकोणतीस वर्षं झाली. दिवसाला चारशे चादरी, तितकेच अभ्रे, डॉक्टरांचे कोट, शिवाय रुग्णांचे अंगावरचे कपडे. नवा माणूस आला की त्याचे कपडे आधी माझ्याकडे येतात. धुऊन, इस्त्री करून, नंबर शिवून कोठीत ठेवायचे. तो घरी जाईल तेव्हा ते परत. एकोणतीस वर्षांत एक मोजासुद्धा हरवलेला नाही, हे कोणीही येऊन तपासावं.

माझी एक डागवही पण आहे. कुठल्या कपड्यावर कसला डाग होता, काय लावलं, काय लावून गेला नाही, शेवटी कशाने गेला, सगळं तारखेनिशी. अशा अकरा वह्या भरल्या, बारावी चालू आहे. नवीन मुली हसतात, पण अडलं की त्याच वह्या उघडतात.

आणखी एक चांगली गोष्ट. आमची वस्ती उंचावर, म्हणून हमरस्त्यावरच्या लोखंडी पुलाला आमच्या बाजूने पायऱ्या नाहीत. दवाखान्याच्या बाजूला उतरायला चौसष्ट. गुडघ्यांमुळे मी रोज मोजते. कठड्याला हात लावला की तळवा तपकिरी व्हायचा, इतका गंज. गेले काही दिवस वरून खाली कठडा घासून लख्ख केलाय. आज अडतीस पायऱ्यांपर्यंत स्वच्छ होता. नगरपालिकेला अखेर जाग आली म्हणायची.

५ मार्च, गुरुवार

पुलाखाली तो माणूस राहायचा ना, त्याला काल दुपारी पोलिसांनी उचललं. बरं झालं. मी सकाळी जाताना तो झोपलेला असायचा आणि परत येताना गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, हवेशी हुज्जत घालत. मी पिशवी घट्ट धरून जायचे. ह्यांनी पेपर मोठ्याने वाचून दाखवला: हातात लोखंडी सळई, अंगावर रक्ताने माखलेला शर्ट, एका बाईच्या अंगावर ओरडत धावला. ती बाई घाबरून पळताना पडली, तिचं मनगट मोडलं.

"आता तुमच्याकडेच येणार तो," हे म्हणाले.

"येऊ दे की. भिंती उगाच बांधल्यात का? अशांना आतच ठेवावं."

 हे चष्मा पुसत बसले.

६ मार्च, शुक्रवार

आज असा शर्ट आला की हात शिवशिवले! मूळचा पांढरा असावा. छाती, पोट, दोन्ही बाह्या तपकिरी-तांबूस. मुलींनी नाकं मुरडली. एक म्हणाली, "रक्त दिसतंय." म्हटलं, दिसण्यावर जायचं नसतं. थंड पाणी आणि मिठात तासभर ठेवला. पाण्याला जराही रंग आला नाही. रक्त असतं तर पाणी लगेच बोललं असतं. एक मुलगी ब्लीच घेऊन धावत आली, तिच्या हातावर चापट मारली, कारण ब्लीचने हा डाग कायमचा बसला असता. मग लिंबू-मीठ, वरून उकळतं पाणी, आणि दिवसभर ऊन. तीन वेळा केलं. संध्याकाळी शर्ट असा निघाला की दुकानात टांगावा. डागवहीत अर्धं पान लिहिलं. मुली टाळ्या वाजवत होत्या आणि मी उगाच रागावल्यासारखं केलं.

९ मार्च, सोमवार

नगरपालिकेचं काम म्हणजे शेवटी असंच. एक्केचाळीस पायऱ्यांपर्यंत कठडा आरशासारखा आणि तिथून पुढे पुन्हा गंज. गेल्या बुधवारपासून एक बोटभरसुद्धा पुढे सरकलेलं नाही. बेचाळिसाव्या पायरीला हात काढून घ्यायचा आणि गुडघ्यांना देवावर सोडायचं. अर्ज करायला हवा.

१३ मार्च, शुक्रवार

एक नंबरच्या खोलीतून रोज तपकिरी अभ्रे येताहेत. खालच्या मजल्यावर जाऊन विचारलं तर कळलं, तो सळईवाला (आमच्याकडे सगळे त्याला हेच म्हणतात) दिवसभर उशीच्या अभ्र्याने खिडकीचे गज घासतो. औषधं घेतो, जेवतो, आणि घासतो. मी दाराच्या काचेतून पाहिलं. गज असे चमकत होते की काय सांगू! माझ्या मुलींना एवढी चिकाटी असती तर! पण अभ्रे माझे आहेत. सिस्टरला सांगितलं, त्याला एखादा जुना फडका द्या. ती म्हणाली, "मुकादमबाई, धोकादायक रुग्णाला जास्तीचं कापड द्यायची परवानगी नाही."

मी तीन फडके पाठवले. फडक्याला कापड म्हणत नाहीत.

१७ मार्च, मंगळवार

आज पायाखालची जमीन सरकली.

दुपारी मोठ्या सिस्टर स्वतः धुलाईघरात आल्या. त्या कधी येत नाहीत. म्हणाल्या, "सळईवाल्याचा शर्ट कुठाय? तो पाकिटात बंद करून ठेवायचा होता. पोलिसांना तपासायला द्यायचा होता. वॉर्डबॉयने चुकून नेहमीच्या गाठोड्यात टाकला."

मी कोठीतून आणून दाखवला. घडी घातलेला, कॉलर ताठ. सिस्टरनी तो उलटसुलट करून डाग शोधला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्याला वर्षभर सक्तीने आत ठेवायचं की नाही, ते पुढच्या गुरुवारी, म्हणजे सव्वीसला मंडळ ठरवणार. सरकारने नेमलेलं तीन जणांचं मंडळ. आजारी तो आहेच, कानात कुणी साहेब बोलतो म्हणतो. पण नुसता आजार असला म्हणून कोंडून ठेवता येत नाही, माणूस घातक आहे हे दाखवावं लागतं. आणि घातकपणाचा पुरावा काय, तर सळई, त्या बाईचा जबाब आणि रक्ताचा शर्ट. बाईने सांगितलंय, तो "हात लावू नका!" म्हणून ओरडत सळई घेऊन आला, तिला त्याने स्पर्श केला नाही. म्हणजे सगळा भार शर्टावर. "तपासला असता तर कळलं असतं कुणाचं रक्त ते," सिस्टर म्हणाल्या. "आता पोलिसांनी लिहिलंय तेच खरं धरणार."

"अहो, पण ते रक्त नव्हतंच!"

"कोण मानेल? शर्ट तर तुम्ही धुतला."

एकोणतीस वर्षं मी डाग घालवले. आज पहिल्यांदा वाटलं, एखादा डाग राहू दिला असता तर.

१८ मार्च, बुधवार

अधीक्षकसाहेबांनी बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. म्हणाले, "मुकादमबाई, तुमचा निरोप समारंभ दीड महिन्यावर आलाय. उगाच चौकशीचं झेंगट कशाला? शर्ट धुलाईघरात आलाच नाही असं म्हणू. पोलिसांच्या कागदावर डाग लिहिलेत, मंडळाला तेवढं पुरे."

"आला नाही म्हणजे? मग गेला कुठे?"

"गहाळ झाला असेल."

"माझ्या धुलाईघरातून?"

 मी चहा तसाच ठेवून उठले. खरं सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाचा विचार आला नव्हता. माझ्या डोक्यात एकच, एकोणतीस वर्षांनी जाता जाता माझ्या नावावर एक हरवलेला शर्ट! नाही म्हणजे नाही.

घरी ह्यांना सांगितलं. म्हटलं, मी फक्त माझ्या खात्याच्या इज्जतीसाठी भांडतेय, बाकी त्या माणसाशी माझं काही देणंघेणं नाही. हे म्हणाले, "अर्थात." आणि तोंडावर पेपर धरला. हसत होते की काय कोण जाणे.

२० मार्च, शुक्रवार

अधीक्षक बोलत नाहीत. मुली दबक्या आवाजात बोलतात. डागवही घरी आणली. उशाखाली ठेवलीय.

आज सळईवाल्याच्या खिडकीसमोरून गेले. त्याने गज घासायचं सोडलंय. भिंतीकडे तोंड करून पडला होता. माझे तिन्ही फडके सिस्टरने काढून घेतलेत. फार वाईट वाटलं. फडके परत आणले आणि दोनदा धुतले, गरज नव्हती तरी.

२३ मार्च, सोमवार

आज पुलावर काय झालं ते नीट लिहिते.

उशीर झाला होता, त्यात गुडघा दुखत होता. एक्केचाळीस झाल्या, हात काढायचा विसरले आणि बेचाळिसाव्या पायरीला तोल गेला. कठडा धरला, पूर्ण बाहीनिशी. सावरले. बाहीकडे पाहिलं आणि तिथेच खाली बसले.

तो डाग मी ओळखला. ओळखीच्या माणसाचं अक्षर ओळखावं तसा. तोच रंग, तीच कडेची पिवळट झाक. शर्टावर होता तो, अभ्र्यांवर होता तोही. गंज! शर्टावरचा गंज इथला, या कठड्याचा!

आणि मग बाकीचं भराभर समजत गेलं. नगरपालिका कसली नि काय कसली! काम बुधवारी थांबलं आणि बुधवारीच त्याला उचललं. मी दुपारी कामावर असते, म्हणून कधी पाहिला नाही. तो एकेक पायरी करत वरून खाली येत होता आणि हात पुसायला त्याच्याकडे शर्टाशिवाय काही नव्हतं. "हात लावू नका" म्हणजे काय ते आता त्या बाईला कोण सांगणार? बिचारीचे हात खराब होऊ नयेत म्हणून ओरडत होता गडी!

आणि मी महिनाभर स्वच्छ कठड्याला धरून उतरत होते, आणि त्याच्याजवळून जाताना पिशवी घट्ट धरत होते. लाज वाटली. हे कुणाला सांगणार नाही, पण इथे लिहिते.

जिथे बसले होते तिथून उठले, घरून डागवही घेतली आणि थेट त्याच्या वकीलबाईंकडे गेले. मंडळासमोर बाजू मांडायला सरकारने दिलेली पोरगी, लेकीपेक्षा लहान. तिने डागवहीचं पान तीनदा वाचलं. म्हणाली, "मावशी, ही तारीख सहा मार्च आहे. तेव्हा तुम्हाला हा शर्ट कुणाचा ते माहीत होतं?"

"शर्ट कुणाचा ते मी बघत नाही. डाग कसला ते बघते."

"हेच आणि असंच सांगा गुरुवारी," ती म्हणाली.

२५ मार्च, बुधवार

तयारी. दोन पांढरी फडकी. एक पुलाच्या कठड्यावरून फिरवलं. दुसऱ्यासाठी सुईने बोट टोचून रक्त घेतलं आणि वाळवलं. हे घाबरले. म्हणाले, "दवाखान्यात रक्ताचे कपडे काय कमी आहेत?" म्हटलं, दुसऱ्या कुणाचं रक्त मंडळापुढे न्यायला मला त्याची परवानगी काढावी लागेल, माझं मला लागत नाही.  मग त्यांनी स्वतः लिंबं आणली, एक डझन. दोन लागणार होती.

२६ मार्च, गुरुवार

झालं. दमलेय, पण लिहिणारच.

खोली लहान. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीशबाई, त्यांच्या एका बाजूला बाहेरचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला नागरिकांतर्फे एक औषधांचे दुकानदार. टेबलावर ती सळई. सळई कसली, टोक ठोकून चपटं केलेली घासायची पट्टी. अधीक्षक कोपऱ्यात, मला बघून न बघितल्यासारखे. आणि खुर्चीत तो. मंडळापुढे रुग्णाला त्याचे स्वतःचे कपडे देतात, हा नियमच आहे. सकाळीच मी इस्त्री करून पाठवले होते.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "तो रक्ताचा शर्ट म्हणता तो आहे कुठे?"

मी म्हटलं, "त्याने घातलाय."

 औषधवाल्यांना हसू आवरेना आणि अध्यक्षबाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट पाहिलं. सुरकुती नाही, डाग नाही. खरं सांगते, तशाही वेळी मला बरं वाटलं.

मग मी सगळं सांगितलं. शर्ट चुकून माझ्याकडे आला, मी धुतला, तो धुवायला नको होता, चूक माझ्या खात्याची. गहाळ वगैरे काही झाला नाही. अधीक्षकांनी मान खाली घातली. डागवही पुढे ठेवली. सहा मार्च: थंड पाणी-मीठ, तासभर, पाण्याला रंग नाही. ब्लीच नको. लिंबू-मीठ, उकळतं पाणी, ऊन, तीन वेळा. गेला.

बाहेरचे डॉक्टर म्हणाले, "बाई, वहीत काहीही लिहिता येतं."

माझ्या वहीत! संताप आला, पण गिळला. दोन कटोरे काढले. थंड पाणी, मीठ, दोन फडकी. म्हटलं, दहा मिनिटं द्या. मंडळाची दहा मिनिटं, पण कोणी हललं नाही. एका कटोऱ्यातलं पाणी हळूहळू लालसर झालं. दुसरं तसंच नितळ. मग गंजाच्या फडक्यावर लिंबू-मीठ चोळलं आणि किटलीतलं उकळतं पाणी ओतलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो तपकिरी डाग पिवळा झाला, मग फिका झाला. औषधवाले खुर्चीतून उठून वाकून बघत होते. "बरोबर आहे," ते म्हणाले. "अगदी बरोबर."

"गंज आला कुठून?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मी पुलाचं सांगितलं. एक्केचाळीस पायऱ्या वगैरे आकडे सांगितले नाहीत, गडबडीत राहून गेले. त्यांनी त्याच्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "तुम्ही पुलावर काय करत होता?"

त्याच्या डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, हा पूर्वी पूल रंगवणाऱ्या कंत्राटदाराकडे होता. साहेब अजून त्याला काम संपव म्हणतो, तो साहेब फक्त यालाच ऐकू येतो. औषध लागेलच, बरीच वर्षं लागेल.

 तो फडक्याकडे बघत होता. मग म्हणाला, "आधी घासायचं. मग लाल रंग. मग हिरवा."

"आणि बाहेर सोडलं तर काय कराल?"

"तेवीस राहिल्यात."

कोणाला कळलं नाही. औषधवाले म्हणाले, तेवीस काय? मी उभी राहिले, कोणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. म्हटलं, "पायऱ्या! चौसष्ट आहेत. एक्केचाळीस झाल्यात. मी रोज मोजते. बाई, हवं तर आत्ता चला आणि मोजा!" आणि मला रडू आलं, सगळ्यांसमोर, भर मंडळात. आयुष्यात कामावर रडले नव्हते.

संध्याकाळी निकाल आला. कोंडून ठेवायचं कारण दिसत नाही. दवाखान्यामागच्या निवासात राहायचं, रोज सिस्टरसमोर औषध घ्यायचं, आठवड्याला डॉक्टर बघणार, दिवसा बाहेर जायची मुभा. आणि ती पट्टी त्याला परत द्यायची, कारण ते हत्यार नसून अवजार आहे. वकीलबाईंनी फोनवर हे वाक्य दोनदा वाचून दाखवलं.

हे म्हणाले, "मग, राहिली तुमच्या खात्याची इज्जत?" मी म्हटलं, "हो तर!" आणि उरलेल्या लिंबांचं सरबत करायला उठले.

३० एप्रिल, गुरुवार

निरोप समारंभ. अधीक्षकांनी भाषणात माझ्या चिकाटीचं कौतुक केलं, दातओठ खात का होईना. बाराही डागवह्या मुलींच्या हवाली केल्या. मोठी मुलगी रडली. तिला म्हटलं, रडतेस काय, डोळ्यांतलं काजळ कॉलरवर पडेल, मग तोच डाग काढत बसशील.

६ मे, बुधवार

घरी बसवेना. दहा वाजता पुलावर गेले, नुसतीच. मोजत उतरले. एक्केचाळीस, बेचाळीस, पन्नास. कठडा खालपर्यंत घासलेला. पंचावन्नला पोचले तेवढ्यात खालून आवाज आला, "हात लावू नका!"

मी हात हवेत तसाच धरून थांबले. शेवटच्या पायऱ्यांवर तो, हातात ब्रश. कठड्याला लाल रंग, ओला. रंग नगरपालिकेने दिला असं वकीलबाई म्हणाल्या होत्या, मला खरं वाटलं नव्हतं. अंगात तो शर्ट, तोच, आणि त्याची पार वाट लावलेली.

माझ्या मागून एक जोडपं उतरत होतं. बाई दचकून नवऱ्याला बिलगली. नवऱ्याने खिशातून फोन काढला. त्याचा चेहरा मी ओळखला, कारण तो चेहरा मी कितीतरी दिवस स्वतः घेऊन फिरत होते.

"फोन ठेवा आत!" मी ओरडले. "रंग ओला आहे, ऐकू नाही आलं? ते तुमच्याच कपड्यांसाठी सांगताहेत. रंगाचा डाग कशानेही जात नाही, हे मी सांगते. मधून उतरा, मधून!"

ती दोघं मधून उतरली. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, हसला वगैरे नाही, पुन्हा ब्रश बुडवला. खालून आणखी तिघं येत होते. वरून शाळेच्या चार बाया. मी पंचावन्नाव्या पायरीवर उभी राहिले आणि येईल त्याला सांगत राहिले. तो ओरडायचा थांबला. गरजच राहिली नाही.

दुपारी दीड वाजता घरी आले. ह्यांनी दार उघडलं. "काय हो निवृत्त बाई, कुठे होता इतका वेळ?"

"कामावर," मी म्हटलं, आणि हात धुवायला गेले.